येरळा शिकण्याचं वर्ष

आमच्या सासरी निरोप देताना कुणी रडत नाही. फौजीचं घर आहे. सासरे फौजेत होते, त्यांचे थोरले भाऊ होते, आता माझे यजमान आहेत. सुट्टी संपवून माणूस निघाला की सासूबाई त्याच्या हातावर दही घालतात, "ये जाऊन" म्हणतात आणि तो फाट्याकडं वळायच्या आत गॅसपुढं जाऊन उभ्या राहतात. डोळ्यातून टिपूस काढायचं नाही. मागं रडणं राहिलं तर जाणाऱ्याचं मन तिकडं लागत नाही, आणि तिकडं मन लागलं नाही तर काय होतं ते बोलायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्या पहिल्याच सुट्टीनंतर मी भोकाड पसरलं होतं. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, एवढंच बोलले, "सूनबाई, ह्या घरात ह्ये चालत न्हाई." मी सांगलीकडची, कृष्णाकाठची. आमच्याकडं म्हैस विकली तरी बायका पदर डोळ्याला लावतात! पण शिकले हळूहळू.

माझ्यापेक्षा चांगलं शिकली ती माझी थोरली.

सात वर्षं पुरी व्हायच्या आत पोरीच्या तीन शाळा झाल्या होत्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं काळ्या ट्रंकांत. शेवटच्या छावणीतून निघालो त्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधली तिची मैत्रीण गाडीपाशी येऊन हात वर करून उभी राहिली. दोघी एकमेकींशिवाय जेवत नव्हत्या. आमची बाई गाडीत बसली, "बाय" म्हणाली आणि चिवड्याचा पुडा फोडला. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. ह्यांना कोण आनंद झाला! "बघ, याला म्हणतात फौजीची पोर," म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली.

ह्यांचं पुढचं पोस्टिंग सरहद्दीवर होतं आणि तिथं बायकापोरं न्यायची परवानगी नव्हती. म्हणून मी थोरलीला आणि पाच वर्षांच्या धाकट्याला घेऊन सासरी आले. वडूजपासून जवळच, येरळेच्या काठाला आमचं गाव. येरळा ही नदी आहे, पाणी असेल तेव्हा. एरवी वाळू आणि बाभळी. दारात पाय ठेवल्या ठेवल्या थोरलीनं आजीला पहिला प्रश्न केला, "इथं किती महिने?" सासूबाईंना वाटलं, पोरीला गाव आवडलं नाही. मला मात्र कळलं, पोरगी काय मोजतेय ते.

गल्लीतल्या पोरी तिला खेळायला बोलवायला आल्या तर ही उंबऱ्याबाहेर गेली नाही. मी म्हटलं, "जा की गं, मैत्रिणी होतील." त्यावर मला म्हणते, "मैत्रीण करून काय करायचं, मम्मी? परत जायचंच असतं." रडून नाही, रुसून नाही. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं सांगितलं. ज्या वयात पोरं पेन्सिल हरवली म्हणून घर डोक्यावर घेतात, त्या वयात माझी पोर बारा गावचं पाणी प्यालेल्या म्हातारीसारखी बोलत होती.

तेव्हाच ठरवलं की जूनमध्ये हिला चौथ्या शाळेत घालायचं नाही. शाळेत घातली असती तर ती मुकाट गेली असती, पहिल्या नंबरानं पास झाली असती आणि कुणाचीच झाली नसती. वर्षभर घरी शिकवीन म्हटलं. डी.एड. केलंय मी, लग्नाआधी दोन वर्षं शिकवलंय, अगदीच अडाणी नाही. वाचन, गणित होईल तसं होईल. पण मुख्य विषय भूगोल आणि निसर्ग. म्हणजे हे गाव, ही नदी, इथली झाडं, पाखरं, दगड. एक तरी जागा तिला अशी मिळावी की जिला ती आपली म्हणेल. मला बाकी काही नको होतं.

घरात गदारोळ झाला. मामा म्हणाले, "फौजीची नातवंडं घरात बसनार? लोक तोंडात शेण घालतील." ह्यांचा फोन लागला तेव्हा तिकडून ते म्हणाले, "पाढे बुडतील, इंग्लिश बुडंल." मी म्हटलं, "तुम्ही तिथून उंटावरून शेळ्या हाकू नका. पोरगी बुडत चाललीय, ते बघा आधी." जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले असेन. पण मग त्यांनी मुकाट्यानं हो म्हटलं. मामांनी दोन अटी घातल्या. एकच वर्ष, आणि भूगोल ते शिकवणार.

आता वर्षाची आखणी. मोबाईलवर शोधलं तर कुणाकुणाचे रंगीत तक्ते निघाले. जानेवारीत बर्फाचा माणूस, मार्चमध्ये ट्यूलिप, ऑक्टोबरात लाल पानं गोळा करणे. वडूजच्या बाजारात ट्यूलिप कुठून आणू? ते सोडून दिलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझा माझा तक्ता केला. जून-जुलै पाऊस, बेडूक, गांडूळ, इंद्रधनुष्य. ऑगस्टमध्ये नदीचा पूर. झकास तक्ता झाला. भिंतीवर लावला आणि मी कौतुकानं बघत बसले.

मामांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "सूनबाई, ह्यो तक्ता तुमच्या म्हायेरचा हाय."

आणि खरंच की हो! सगळे ऋतू मी कृष्णाकाठचे लिहिले होते. माझ्या माहेरी आषाढात ऊस पाण्यात उभा असतो. इथं खटाव तालुक्यात आषाढ म्हणजे वारा. ढग सगळा माल तिकडं महाबळेश्वर-पाचगणीला ओतून येतात आणि आमच्या डोक्यावरून रिकामे पळतात. पाऊस यायचा तर गणपती उठल्यावर. सासरी नांदून इतकी वर्षं झाली, अन् मी बेडूक शोधायला निघाले होते फुफाट्यात! सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. थोरलीही हसली. ती हसली म्हणून मला तो तक्ता फाडताना वाईट वाटलं नाही.

मग नवा तक्ता वाऱ्यापासून सुरू झाला. जून, जुलै, ऑगस्ट वारा. सप्टेंबरपासून पाऊस आणि पेरणी. थंडीत शाळू आणि पाखरं. संक्रांतीनंतर येरळा. ही नदी आमच्या तालुक्यातच उगम पावते आणि खाली सांगलीकडं ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिथून हाकेच्या अंतरावर माझं माहेर. म्हणजे आमचा भूगोल सासर ते माहेर, एक अख्खी नदी. हे सुचलं तेव्हा माझी मीच खुश झाले.

मामांचा तास सकाळी, न्याहारीनंतर. फौजेत नकाशा वाचायला शिकले होते, त्याच शिस्तीत शिकवायला लागले. "नकाशा भितीवर टांगायचा न्हाई," हा पहिला नियम. "भितीवर टांगला की उत्तर आभाळात जाती आन् दक्षिण पायाखाली. नकाशा भुईवर ठिवायचा, उत्तरेला उत्तर लावायची, मंगच बोलायचं." दारापुढच्या फरशीवर खडूनं गावाचा नकाशा काढायला लावला. धाकट्यानं शेळ्या काढल्या, बाकी काहीच नाही. थोरलीनं देऊळ काढलं, मशीद काढली, विहीर, फाटा, पाण्याची टाकी, शेजारच्या टेलरचं घर, सगळं दिशा धरून, चोख.

"आन् आपलं घर?" मामांनी विचारलं.

"आपण तर जाणारच आहे ना, आबा."

मामांनी हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "बरं बरं, उद्या काडू," आणि रानात निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी मला शाळेवरून एक शब्द ऐकवला नाही.

वाऱ्याचा अभ्यास म्हणजे काय करायचं, हे मलाही माहीत नव्हतं. जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि गावभर बांधत फिरलो. टाकीच्या जिन्याला, विजेच्या खांबाला नको म्हणून बांधाच्या दगडाला, विहिरीवरच्या बाभळीला. त्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकत होती. रोज सकाळी जाऊन पट्टी कुठं उडतेय ते बघायचं. काही दिवस असे गेले आणि मला शंका यायला लागली की हा सगळा पोरखेळ आहे. पी हळद अन् हो गोरी, असं काही होत नसतं हे माहीत होतं, तरी मनातून मी तेच धरून बसले होते. थोरली नेमून दिलेलं करायची. त्याच्यापलीकडं एक शब्द नाही.

एका सकाळी ती बाभळीखाली थांबली ती हलेचना. मी हाक मारली. ती म्हणाली, "सगळी घरटी एकाच बाजूला आहेत." मी वर पाहिलं. खरंच, बाभळीची पश्चिमेची बाजू मोकळी आणि पूर्वेला घरट्यांची गर्दी. मी जीभ चावून गप्प बसले, कारण मला न विचारता सांगायची सवय भारी. ती पट्टीकडं बघत राहिली, मग घरट्यांकडं. "मम्मी, वारा तिकडून येतो! म्हणून त्यांनी घर इकडं केलंय!" आणि ती पळत सुटली दुसरं झाड बघायला. मागून धाकटा, मागून मी. त्या दिवशी गावातलं सुगरणीचं एक झाड आम्ही सोडलं नाही. जेवायला दुपार टळली आणि आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, ओरडा खाल्ला.

हे सगळं शेजारच्या टेलरची मुलगी त्यांच्या ओट्यावरून रोज बघायची. थोरलीच्याच वयाची, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी. त्या संध्याकाळी तिनं आमच्या पोरीला विचारलं, "तू झाडां कायको देखती फिरती?" आमच्या थोरलीचे कान टवकारले. गल्लीतली पोरं तिच्या छावणीतल्या हिंदीला हसायची. पण टेलरच्या घरात सगळे आपसात तसंच काहीतरी बोलतात, त्यांची त्यांची बोली. दोघींचं गणित जमलं. शाळा सुटली की ती दप्तर फेकून आमच्याकडं यायची. दोन-दोन शाळा स्वतःहून करणारी अख्ख्या महाराष्ट्रात ती एकटीच असेल! तिची अम्मी मला म्हणायची, "तुमी काय शिकवता ओ भाभी, ही झोपेत पन पाखरांची नावं घेती." आमची थोरली तिच्याकडं खिरीला शीरखुर्मा म्हणायला शिकली आणि शाळूची कोवळी कणसं भाजली की हुरडा होतो, हे तिच्याबरोबर खाऊन शिकली.

शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला गुरुजी आले, तेव्हा मात्र मजा झाली. "शाळाबाह्य" हा शब्द ऐकून मामांचा पारा चढला. मी चहा ठेवला. गुरुजी चांगले होते. त्यांनी धाकट्याला विचारलं, "बाळ, पूर्व कुठं आहे?" धाकट्यानं आधी सूर्य बघितला, मग बोट केलं. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडची पोरं फळ्याकडं बोट करतात ओ." चहा पिऊन जाताना दाराशी थांबून म्हणाले, "बाई, पुढच्या जूनला ही दोघं माझ्याकडं पाठवा मात्र." मी हो म्हटलं. तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं.

थंडीत आम्ही रोहित पक्षी बघायला तलावावर गेलो. गुलाबी पायांवर उभा असलेला तो थवा बघून धाकट्यानं विचारलं, "हे पण पोस्टिंगवर आलेत?" मामा खो खो हसले. थोरली हसली नाही. मामांची दुर्बीण डोळ्याला लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आबा, ते पुढच्या वर्षी परत इथंच येतात?" मामा म्हणाले, "पानी असलं तर येत्यात." तिनं मान डोलावली.

संक्रांत झाली आणि आमची येरळा सुरू झाली. एसटीनं टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलो, मायणी, विटा, तिथून पुढं. जिथं नदी रस्त्याला भेटेल तिथं उतरून पात्रात जायचं, वाळू हातात घ्यायची. खाली येईल तसं रान काळं होत गेलं, शाळू संपला, ऊस लागला. ब्रह्मनाळला येरळा कृष्णेत शिरते तिथं पोरांना उभं केलं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "आपली नदी संपली?" थोरली म्हणाली, "संपत नसती रं. पुढं कृष्णा म्हणायचं." कधी शिकली ही असं बोलायला! तिथून माझ्या माहेरी मुक्कामाला गेलो. भावानं गुऱ्हाळावर नेलं, काकवी चाखवली, माझ्या आईनं पोरांना खाऊ घालून घालून गोल केलं. लाडाला पारावार नव्हता. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी थोरली माझ्याजवळ येऊन बसली, चुळबुळ केली आणि म्हणाली, "मम्मी, घरी कवा जायचं?"

घरी. कवा. मी तिला जवळ ओढलं आणि तिचे केस विंचरायच्या निमित्तानं मागून रडून घेतलं. माझी आई म्हणाली, "काय झालं गं?" म्हटलं, "काही नाही, गुंता आहे." साऱ्या वर्षात मला जे पाहिजे होतं ते त्या दोन शब्दांत आलं होतं.

आणि परत आलो त्याच आठवड्यात ह्यांचा फोन. पोस्टिंग बदललं होतं. शांत ठिकाणी, मोठ्या छावणीत, क्वार्टर मिळालं होतं. मार्चमध्ये न्यायला येतो म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. माझं डोकं फिरलं. "आताच? आता कुठं पोरगी रुजत होती. वर्ष तर पुरं होऊ द्या!" ते म्हणाले, "धाकट्याला मी नीट बगितला बी न्हाई गं." पोरांना जागा पाहिजे तसा बापही पाहिजे. तक्त्यातले शेवटचे महिने, करंजाचा मोहर, पळस, मृगाच्या आधीच्या मुंग्या, सगळं राहिलं.

थोरलीला मी सांगितलं. ती म्हणाली, "ठीक है." त्याच जुन्या आवाजात, सरळ, कोरड्या. मग तिनं स्वतःचे कपडे स्वतः ट्रंकेत भरले. शेजारी खेळायला जायची, यायची, जेवायची. मला वाटलं, मी हिला हे काय करून ठेवलं. आधी निदान नुसतं बंद दार होतं, मी ते उघडायला लावलं आणि आता पुन्हा तिच्या तोंडावर आपटतेय. पुन्हा हे दार उघडेल का?

निघायच्या सकाळी जीप दारात आली. हे पुढं सामान बांधत होते. आत्यांनी सगळ्यांच्या हातावर दही घातलं, "या जाऊन" म्हणाल्या आणि आत गेल्या. मामा ताठ उभे. थोरली मामांच्या पाया पडली, गाडीत बसली. डोळे कोरडे. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.

तेवढ्यात टेलरची मुलगी शाळेच्या गणवेशात त्यांच्या ओट्यावरून खाली आली. तिच्या घरात असला काही नियम नव्हता. तिनं गाडीचा दांडा धरला आणि मोठ्यानं गळा काढला. सगळी गल्ली बाहेर आली. आमची थोरली तिच्याकडं बघत राहिली. तिची हनुवटी हलायला लागली. आणि मग ती अशी रडली, अशी रडली! गाडीतून उडी टाकून तिच्या गळ्यात पडली. "मला नाही जायचं! हे माझं घर हाय! मला नाही जायचं!" सारा गाव ऐकत होता.

हे गोंधळले. कडक आवाजात म्हणाले, "ए, फौजीची पोर रडती का?"

"रडू द्या तिला," मी ओरडले. "खबरदार कुणी गप्प बस म्हणाल तर!" भर गल्लीत, सासऱ्यांच्या देखत. मामांनी मान खाली घातली. आतून आत्यांचा हुंदका ऐकू आला, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. माझं काळीज तुटत होतं आणि त्याच वेळी मला नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? माझ्या पोरीला सोडवत नाही असं काहीतरी जगात तयार झालं होतं.

पुसेगाव गेलं तरी तिचे हुंदके थांबले नव्हते. ती मागच्या सीटवर ह्यांच्याजवळ होती आणि मी धाकट्याला मांडीवर घेऊन पुढं. हे हळूच म्हणाले, "एवडं काय हुतं गं तिथं?" तशी ती रडत रडतच सांगायला लागली. सुगरणी पूर्वेला घर का करतात, वारा कुठून येतो, येरळा कुठं जाते, शीरखुर्मा कसा लागतो. त्यांच्याच गावाबद्दल त्यांना. हे ऐकत होते. कोरेगाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "मी भरती होऊन निघालो ना, तवा मला बी असंच रडायचं हुतं."

थोरलीनं नाक पुसलं, त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग रडा की आता, पप्पा."

आणि ते रडले.